टिंबाची किंमत

सात मशिनांवर एकवीस मिनिटं घेणारी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, आठवं मशीन जोडल्यावर साडेबावीस मिनिटं घ्यायला लागली. ऑगस्ट २००३. पुण्यातला गुरुवार होता, म्हणजे वीज गेलेली. जनरेटरवर मशिनं चालायची, लिफ्ट नाही. ते आठवं मशीन मी रिसेप्शनवरून उचलून दोन जिने चढवत वर आणलं होतं. आकडा बघून माझा जो चेहरा झाला, तो पुढे बरेच दिवस आमच्या टीममध्ये नकलेचा विषय होता.

ऑफिस सेनापती बापट रस्त्याला लागून असलेल्या एका गल्लीत. आम्ही सहा जण आणि आमच्यावर काका. वय पंचेचाळीसच्या पुढे, म्हणजे तेव्हाच्या आयटीत खरं तर आजोबाच. सी-डॅकने पुण्यात १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला, चौसष्ट ट्रान्सप्युटरचा, म्हणजे एकमेकांना जोडून एकाच वेळी चालवायच्या प्रोसेसरांचा. त्या दिवसांत ट्रान्सप्युटरवर प्रोग्राम लिहिलेला हा माणूस. ‘समांतर’ हा शब्द ते असा उच्चारायचे, जसं कोर्टात वीस वर्षं घालवलेला माणूस ‘न्याय’ म्हणतो.

काम ऑब्जेक्ट डेटाबेसवर होतं. आजच्या मुलामुलींनी हे नावही फारसं ऐकलेलं नसतं, म्हणून थोडक्यात सांगते. टेबलं, रांगा, रकाने यांऐवजी सी प्लस प्लस या प्रोग्रामिंगच्या भाषेतला ऑब्जेक्ट, म्हणजे माहिती आणि तिच्यावरची कामं यांचं एकत्र गाठोडं, जसाच्या तसा डिस्कवर ठेवायचा आणि एका ऑब्जेक्टमधून दुसऱ्याकडे बोट दाखवायचं, अशी कल्पना. १९८९ मध्ये अ‍ॅटकिन्सन, डेविट, मायर वगैरे मंडळींनी तिचा जाहीरनामा लिहिला. १९९३ मध्ये ओडीएमजी या गटाने पहिलं प्रमाणक काढलं, त्यात ओक्यूएल नावाची क्वेरीची भाषा होती. २००१ मध्ये त्या गटाने दुकान बंद केलं. मी या क्षेत्रात आले २००२ मध्ये. पंगत उठल्यावर पाट मांडून बसावं तसं.

पण कामं होती. अमेरिकेत एसएलएसी या प्रयोगशाळेतला बाबार हा कणभौतिकीचा प्रयोग शेकडो टेराबाइट विदा ऑब्जेक्टिव्हिटी या ऑब्जेक्ट डेटाबेसमध्ये ठेवत होता. (पुढे त्यांनीही आपलं घटनांचं कोठार रूट या फाइलींवर चालणाऱ्या प्रणालीवर हलवलं.) आमचं गिऱ्हाईक त्या मानाने घरगुती. भोसरीकडचं, वाहनांचे सुटे भाग बनवणारं. गाडीची जोडणी, जोडणीत पोटजोडण्या, त्यात भाग, भागाचं ड्रॉइंग, भागाचा पुरवठादार. ड्रॉइंगवाल्या माणसाने एक जोडणी उघडली की तिच्या आतलं सगळं पटापट समोर येई. डिस्कवरचा ओआयडी, म्हणजे ऑब्जेक्टची ओळख-संख्या, एकदा वाचली की तिच्या जागी मेमरीतला थेट पत्ता, म्हणजे पॉइंटर, लिहून ठेवायचा. पुढच्या वेळी कुणाला काही विचारायचंच नाही. त्या कामात टेबलांवर चालणारा रिलेशनल डेटाबेस आमच्या डेटाबेसच्या जवळपासही यायचा नाही. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे मी बरीच तक्रार करणार आहे.

भानगड सुरू झाली ती अहवालांपासून. खरेदी विभागाला एक साधी गोष्ट हवी होती: या मॉडेलच्या प्रत्येक जोडणीतला प्रत्येक भाग, आणि त्याचा पुरवठादार कोणत्या शहरातला. ओक्यूएलमध्ये हे लिहायला इतकं गोड. जोडणी, टिंब, भाग, टिंब, पुरवठादार, टिंब, शहर. अर्धी ओळ. रिलेशनलवाले तेच लिहायला तीन जॉइन, म्हणजे टेबलांच्या जुळवण्या, घालून पान भरवायचे आणि आम्ही त्यांना हसायचो.

काकांनी आठव्या मशीनकडे बघितलंही नाही. म्हणाले, “टिंबं किती?”

“तीन.”

“एका टिंबाला किती वेळ लागतो?”

“काही नाही काका, पॉइंटर आहे तो.”

त्यांनी समोरचा चहाचा कप बाजूला सारला आणि एका पाठकोऱ्या कागदावर मला गणित घालायला लावलं. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी डिस्क. एक फेरा ८.३ मिलिसेकंद, हवी ती जागा डिस्क वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.२. डोकं योग्य वर्तुळावर न्यायला साधारण आठ. मिळून बारा. आता आमच्या मॉडेलमध्ये जोडणीकडून भागाकडे दाखवणारी बोटं होती नऊ लाख. त्यातले कॅशमध्ये, म्हणजे आधी वाचून मेमरीत ठेवलेल्यांत, सापडणारे वजा करून सात मशिनांत वाटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला डिस्कच्या लाखभर फेऱ्या. लाख गुणिले बारा मिलिसेकंद, १२०० सेकंद. वीस मिनिटं.

उरलेलं मिनिट वायरमध्ये जात होतं. ऑब्जेक्ट आम्ही पत्ते वाटल्यासारखे एकेक करून सगळ्या मशिनांवर पसरले होते, म्हणजे सातातले सहा संदर्भ दुसऱ्याच मशीनवरच्या ऑब्जेक्टचे. प्रत्येक टिंबाला एक निरोप जायचा, एक उत्तर यायचं.

आणि रिसेप्शनवरचं ते आठवं? त्याची डिस्क जुनी, ५४०० फेऱ्यांची. एका वाचनाला साडेपंधरा मिलिसेकंद. त्याच्याही वाट्याला आम्ही समसमान काम दिलेलं, सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी हजार फेऱ्या. गुणाकार करून बघा, साडेबावीस मिनिटं येतात. बाकीची सात मशिनं अठराव्या मिनिटाला हात पुसून मोकळी, आणि उत्तर अडलंय या एकासाठी.

हिशेब इतका चपखल जुळला की मला आनंदच झाला. काका म्हणाले, “आनंद कसला, क्वेरी अजून तेवढीच हळू आहे.”

पुढचे दोन महिने आम्ही चुकीच्या गोष्टी केल्या. कॅश ६४ मेगाबाइटवरून १२८ केली. साडेसोळा मिनिटं झाली, साजरं केलं, गिऱ्हाईकाने दुसरं मोठं मॉडेल चढवलं आणि पुन्हा विशीच्या पुढे. थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे कामाचे धागे, वाढवले; डिस्कचं डोकं आणखी सैरावैरा धावायला लागलं. काकांनी मध्येच दोन शोधनिबंध झेरॉक्स करून माझ्या टेबलावर ठेवले. एक शेकिटा आणि कॅरी यांचा, १९९० चा, पॉइंटरवर आधारलेल्या जॉइनबद्दल. दुसरा पोलार या समांतर ऑब्जेक्ट डेटाबेसचा. मँचेस्टर आणि न्यूकॅसलच्या विद्यापीठांतली मंडळी आमच्यासारख्याच साध्या पीसींच्या जाळ्यावर काम करत होती. मी दोन्ही वाचले, समजल्यासारखी मान डोलावली आणि थ्रेड मोजत बसले.

समजलं घरी, दिवाळीनंतर.

डिसेंबरात माझं लग्न ठरलेलं. सहाशे पत्रिका. बाबा आपल्या डायरीच्या क्रमाने निघायचे, म्हणजे आडनावांच्या. आगाशे सदाशिव पेठेत, आठवले हडपसरला, आपटे परत नारायण पेठेत. पहिल्या दिवशी स्कूटरवर सत्तर किलोमीटर आणि अकरा पत्रिका. तीन ठिकाणी चहा नाही म्हणता आला नाही, तो वेळ वेगळा.

आत्या आमची आरएमएसमधून निवृत्त झालेली. म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिस, टपालाच्या छाननीचं खातं. तीस वर्षं तिने पत्रं खणांत टाकली. ती आली, बाबांची डायरी बघितली आणि म्हणाली, “दादा, अरे पोस्टमनसुद्धा बीटला निघायच्या आधी टपाल लावून घेतो.” मग तिने स्वयंपाकघरातून स्टीलची ताटं मागवली, हॉलमध्ये जमिनीवर मांडली, प्रत्येकात एक चिठ्ठी: ३०, ३८, ०४, ०९, ३३. पिनकोडचे शेवटचे दोन आकडे. आम्हा सगळ्यांना बसवलं आणि पत्ता बघून पत्रिका ताटात टाकायला लावल्या. एक पत्रिका घेऊन कुणीही उठायचं नाही, ही सक्त ताकीद. सगळ्या लागल्यावर एकेक ताट उचललं, त्यातल्या पत्रिका गल्लीच्या क्रमाने लावल्या, एकाच वाड्यातल्या चार बिऱ्हाडांच्या चार पत्रिकांना मिळून एक रबर. मग एक ताट, एक स्कूटर.

मी हातात ३० नंबरचं ताट घेऊन तशीच बसून राहिले. आईला वाटलं, लग्नाच्या विचाराने गलबलले.

पिनकोड ही चीज १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर, आपले कोकणातले, टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतातले कवी. त्यांनी केलं काय, तर पत्त्याच्या आतच पत्र कुठल्या दिशेने जायचं ते भरून ठेवलं. पहिला अंक देशाचा विभाग, पहिले तीन मिळून छाननीचा जिल्हा, शेवटचे तीन टपाल कार्यालय. ४११ दिसलं की पुणे. पुढचं कुणी मुंबईत वाचायची गरजच नाही. आमचा ओआयडी अगदी असाच होता! पहिले आकडे कोणतं मशीन, मग डिस्कवरचं कोणतं पान, मग पानावरची कितवी जागा. दीड वर्ष मी ही संख्या एक अखंड पॉइंटर समजून वापरत होते. तिच्यात पिनकोड आहे हे मला कधी सुचलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लिहायला घेतलं. पहिल्या टप्प्यात प्रत्येक मशीनने आपल्याकडच्या जोडण्या वाचायच्या, पण भागाच्या मागे धावायचं नाही. भागाचा ओआयडी आणि तो कोणत्या जोडणीने मागितला, एवढी जोडी लिहून ठेवायची. ओआयडीचे पहिले आकडे बघून ती आठांपैकी एका खणात टाकायची. खण भरला की गठ्ठा त्या त्या मशीनकडे. पलीकडच्याने सगळे गठ्ठे जमा करायचे, पानांच्या क्रमाने लावायचे, एकाच भागाच्या सगळ्या मागण्यांना रबर लावायचं आणि डिस्कचं डोकं या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदाच फिरवायचं. उत्तरं पुन्हा गठ्ठ्यानेच परत.

वायरवरून जाणारं ओझं किती? एका जोडीला १६ बाइट, नऊ लाख जोड्या, म्हणजे साडेचौदा मेगाबाइटच्या आत. शंभर मेगाबिटच्या वायरवरून सगळं एकाच तारेतून गेलं असतं तरी सव्वा सेकंद. ज्या वायरला मी दोन महिने शिव्या देत होते, तिचा दोष फक्त एवढाच होता की आम्ही तिच्यावरून एकेक पत्र स्वतंत्र माणसाहाती पाठवत होतो.

आणि रबर लावल्यावर कळलेली गंमत: नऊ लाख मागण्या होत्या, पण वेगवेगळे भाग साठ हजारच. एम-८ चा एक बोल्ट तर चौदाशे जोडण्यांत होता. प्रत्येक लग्नात दिसणारा एक मामा असतो ना, तसा. या मामाला आम्ही एका अहवालासाठी शेकडो वेळा डिस्कवरून उठवून आणत होतो.

साठ हजार भाग आठ मशिनांत, प्रत्येकी साडेसात हजार वाचनं, तीही क्रमाने. क्वेरी एक मिनिट दहा सेकंदांत आली. पहिल्यांदा मी उत्तराच्या रांगा मोजल्या, कारण इतक्या लवकर आलं म्हणजे काहीतरी गाळलं असणार.

काकांनी बघितलं आणि विचारलं, “सात जणांचं पन्नास सेकंदांच्या आत संपलंय. हा तिसरा वीस सेकंद जास्त काय करतोय?” शाबासकी द्यायची ही त्यांची पद्धत.

तिसरा करत होता तो पुरवठादारांचा हिशेब. पुरवठादार आम्ही शहरानुसार मशिनांवर ठेवले होते, दिसायला व्यवस्थित. पण भोसरीच्या गिऱ्हाईकाचे पुरवठादार असणार कुठे? पिंपरी-चिंचवडमध्ये. दोनतृतीयांश मागण्या एकाच मशीनवर आदळत होत्या. याचंही चित्र घरी बघून झालं होतं. कोथरूडचं ताट शिगोशीग भरलं, एकशे नव्वद पत्रिका, आणि ते माझ्या भावाच्या वाट्याला आलं. हडपसरवाले चार वाजता परत येऊन पोहे खात बसले. भाऊ रात्री साडेदहाला आला आणि कुणाशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी आत्याने त्या ताटाची तीन केली: डहाणूकर, मयूर कॉलनी, पौड रस्ता.

पुरवठादारांसाठी मात्र ताट फोडायचीही गरज नव्हती. होते जेमतेम नऊशे. त्यांची नक्कल प्रत्येक मशीनवर ठेवली, टिंब घरच्या घरीच सुटलं. ४८ सेकंद. लहान गोष्ट असेल तर ती वाटण्यापेक्षा सगळ्यांना एकेक देऊन टाकलेली परवडते. हे एवढं उघड असूनही आम्ही ती वाटली होती, कारण ‘समांतर’ म्हणजे सगळं वाटायचं असा आमचा समज.

गिऱ्हाईकाला दाखवलं. खूश झाले. मग म्हणाले, “मॅडम, याच्यात वजनाचा एक कॉलम टाका ना.”

एक कॉलम. टाकला, आणि क्वेरी चार मिनिटांच्या घरात गेली.

ऑब्जेक्ट डेटाबेसचं खरं दुखणं मला इथे दिसलं, आणि ते टिंबापेक्षा खोल आहे. वजन हा साठवलेला आकडा नव्हताच, ती मेथड होती, म्हणजे विचारल्यावर हिशेब करून उत्तर देणारा ऑब्जेक्टमधला प्रोग्राम. भागाला वजन विचारलं की तो आपलं ड्रॉइंग उघडायचा, पृष्ठभागाचे त्रिकोण एकेक करून जोडत घनफळ काढायचा आणि घनतेने गुणून सांगायचा. एका भागाला पंचवीस मिलिसेकंद. ड्रॉइंगवाल्याला हे अचूक आणि सोयीचं. आतलं गुपित आत, बाहेर फक्त उत्तर. ऑब्जेक्टच्या शाळेत हीच पहिली प्रार्थना शिकवतात. पण क्वेरीचा आराखडा करणारा ऑप्टिमायझर बाहेर उभा. त्याला ‘वजन’ आणि ‘नाव’ दोन्ही सारखीच दिसणार, दोन्हीपुढे एक टिंब. कोणतं टिंब पंचवीस मिलिसेकंदांचं आणि कोणतं फुकटचं हे त्याने कुठून ओळखायचं? आमच्यात यावर जोरदार भांडण झालं. एक सहकारी म्हणाला, ऑप्टिमायझरला आत डोकावू द्यायचं तर मग ऑब्जेक्ट कशाला, सरळ टेबल करा. त्याचं चूक होतं असं मला आजही म्हणता येत नाही.

शेवटी वजन एकदा काढून भागातच लिहून ठेवलं, आणि ड्रॉइंग बदललं की ते खोडायचं असा नियम घातला. त्याच झटक्यात ड्रॉइंग भागापासून वेगळं केलं. सरासरी चाळीस किलोबाइटच्या भागात आम्हाला हवी असलेली माहिती दोनशे बाइटची होती. लग्नपत्रिका द्यायला सोबत अख्खा रुखवत घेऊन फिरत होतो. वेगळं केल्यावर डेटाबेसमधल्या सगळ्या ऐंशी हजार भागांची मिळून १६ मेगाबाइट झाली, मशीनमागे दोन. आता ओआयडीच्या मागे जायचंच कशाला, सगळे भाग सरळ वाचून मेमरीत हॅश करून, म्हणजे ओळख-संख्येवरून लगेच सापडतील असे मांडून, ठेवायचे आणि तिथेच जुळवायचे. म्हणजे गंमत बघा, ज्या खणांच्या युक्तीने मला इतकं भारावून टाकलं होतं, ती या अहवालापुरती तीन आठवड्यांत निकालात निघाली. एखाद-दुसऱ्या मॉडेलचे तीनशे भाग हवे असतील तर संदर्भ धरून जा. बहुतेक सगळेच हवे असतील तर सरसकट झाडून घ्या. कधी काय, हे ठरवायला किती भाग लागणार याचा अंदाज हवा, आणि तो आम्ही हातानेच एका फाइलीत लिहून ठेवला. अभिमानाची गोष्ट नाही, पण चाललं.

१९ सेकंद. त्यातले अकरा एकाच मशीनवर जायचे, सगळ्यांची उत्तरं गोळा करून क्रमाने लावण्यात. उरलेले आठ सेकंद काय ते समांतर. गिऱ्हाईकाचा माणूस म्हणाला, सोळा मशिनं देतो. कागदावर दाखवलं: आठाचे चार होतील, अकरा अकराच राहतील, हातात पंधरा. अ‍ॅमडालने १९६७ मध्येच सांगून ठेवलेलं गणित आहे हे, आणि अजूनही दर पाच वर्षांनी ते कुणाला तरी नव्याने समजावून सांगावं लागतं. पोटजोडण्यांच्या पोटजोडण्या या प्रकरणात तर आमची डाळ शिजलीच नाही. किती पातळ्या खोल जायचं ते आधी माहीत नसतं, आणि प्रत्येक पातळीला सगळ्या मशिनांनी एकमेकांसाठी थांबायचं. तो अहवाल शेवटपर्यंत दोन मिनिटं घेत राहिला.

हल्लीच्या टीममधली मुलं हे ऐकून म्हणतात, मॅडम, आता न फिरणारी डिस्क, एसएसडी आहे. आहे ना. बारा मिलिसेकंदांच्या जागी साधारण ०.१ घ्या, लाख टिंबांचे वीस मिनिटांऐवजी दहा सेकंद. दहा सेकंद पान उघडत नाही म्हणून गेल्याच महिन्यात एक मुलगा माझ्याकडे आला. ओआरएम, म्हणजे टेबलांना ऑब्जेक्टचं रूप देणारं साधन, वापरून लिहिलेलं होतं. यादी आणायला एक क्वेरी, आणि मग यादीतल्या प्रत्येक ऑर्डरचं टिंब ग्राहक टिंब शहर काढायला लूपमध्ये गुपचूप एकेक वेगळी क्वेरी. ऑब्जेक्ट डेटाबेस गेला, टिंब मात्र मागच्या दाराने परत आलंय. खाली पोस्टग्रेस हा टेबलांचा डेटाबेस असल्यामुळे आता त्याच्या अंगावर टेबलांचे कपडे आहेत इतकंच. मी त्याला “टिंबं किती?” विचारलं. तो माझ्याकडे, मी काकांकडे बघायचे, तसाच बघत राहिला.

एक राहिलं. ड्रॉइंग वेगळं केलं तेव्हा सगळे भाग नव्या पानांवर हलले. आमच्या ओआयडीत पानाचा पत्ता असल्याने जुनी बोटं रिकाम्या जागेकडे. तिथे आम्ही चिठ्ठी ठेवली: ‘अमुक पानावर राहायला गेले’. म्हणजे एका टिंबाला दोन फेऱ्या. त्यावर दुसरा उपाय असतो, ओआयडीत पत्ता ठेवायचाच नाही, नुसता नंबर ठेवायचा आणि नंबरावरून पत्ता सांगणारी वेगळी वही करायची. मग कुणी कुठेही हलो, वहीत एक नोंद बदलली की झालं. पण मग एरवीही प्रत्येक टिंबाला आधी वही उघडणं आलं, आणि पत्ता बघून खणात टाकायची सोय गेली. आम्ही एका रात्रीत जुने संदर्भ नवे करणारा प्रोग्राम चालवला. सुट्या भागांच्या पर्यायी यादीचा एक वर्ग त्यातून सुटला हे मार्चमध्ये कळलं. तोवर ते बिचारे दोन-दोन पत्ते करत फिरत होते.

आत्याला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “रीडायरेक्टचं टपाल कधी पोचतं, विचार तुझ्या काकांना.”

त्याचं असं झालं होतं. ऑफिसमधल्या सगळ्यांना पत्रिका मी हातानेच दिल्या होत्या. पण बाबांच्या डायरीतही काकांचं नाव होतं, कर्वेनगरच्या पत्त्यासकट. दोन याद्या ताडून बघायचं कुणालाच सुचलं नाही. काका मधल्या काळात आधी बाणेरला आणि तिथून औंधला राहायला गेलेले. लग्नाला ते आले, जेवले, मठ्ठ्यात मीठ कमी आहे म्हणाले. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात पोस्टाने ती दुसरी पत्रिका त्यांच्या हातात पडली. पाकिटावर दोन पत्ते खोडलेले, तिसरा पेनने लिहिलेला. त्यांनी ते पाकीट ऑफिसात आणून आठव्या मशीनच्या मॉनिटरला चिकटवलं आणि खाली पेन्सिलने लिहिलं: टिंबं ३.